लिब्राडाच्या बारीचं पाणी

त्या साली डोंगरावर बर्फ पडलंच नाही म्हटलं तरी चालेल. मार्चातच शिखरं उघडी पडून काळी दिसायला लागली. अब्राननं तेव्हाच फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून वर बघितलं होतं आणि म्हणाला होता, "यंदा पाट रडवणार."

रडवलंच पाटानं. जुलै संपत आला तसे नदीतले दगड वर आले, शेळ्या पाय न भिजवता पलीकडं जायला लागल्या. सान एलुतेरियोच्या पाटावर एकोणीस घरं. एरवी आठवड्याला एकदा प्रत्येकाचं रान भिजायचं. आता बारी यायला बारा-तेरा दिवस लागत, आणि आली तरी अर्ध्या दिवसाची.

बारी कुणाची, कुठल्या दाराची फळी कधी उचलायची आणि कधी टाकायची, हे सगळं अब्रानच्या शब्दावर. अकरा वर्षं लोक त्यालाच पाटकरी निवडत होते. त्याच्या आधी त्याचा बाप. त्याचं रान पाटाच्या अगदी शेपटाला होतं, आणि बाप ते अभिमानानं सांगायचा. वरच्या सगळ्यांचं भागल्याशिवाय पाटकऱ्याला थेंब मिळत नाही, म्हणून आपल्याविरुद्ध कुणी तोंड उघडत नाही, असं त्याचं म्हणणं. अब्रान ठेंगणा, रुंद हाडाचा, डाव्या गुडघ्यानं जरा लंगडा. घरी बायको कासिमिरा आणि एकोणीस वर्षांची लेक देल्फिना. मोठी दोघं मुलं सांता फे शहराला रस्त्याच्या कामावर गेली होती, ती नाताळालाच यायची.

संत सांतियागोच्या सणादिवशी गावानं ठरवलं की शेतकऱ्यांच्या संताला, सान इसिद्रोला, रानातून फिरवायचं. लाकडाचा हातभर संत, पुढं त्याची लाकडाचीच बैलजोडी. त्याला आपली जळकी पिकं दाखवायची, म्हणजे त्याला कळेल. फादर महिन्यातून एकदाच यायचे, त्यामुळं एरवी प्रार्थना सांगायला कासिमिराच. गावात जपमाळ तिनं सांगायची आणि गाणं लिब्राडानं उचलायचं, अशी वहिवाटच होती.

लिब्राडा विधवा. साठीला टेकलेली, काटक, आवाज मात्र असा की चॅपेलच्या खिडक्या हलाव्यात. देल्फिनाच्या बाप्तिस्म्यापासून ती तिची धर्ममाता. त्यामुळं अब्रान तिचा कोंपाद्रे, ती त्याची कोमाद्रे. एकोणीस वर्षांत दोघं एकमेकांना अहो-जाहो सोडून बोलले नव्हते.

त्या दिवशी दुपारपासून पाण्याची बारी नेमकी लिब्राडाची होती. ती सकाळीच पाटावर आली.

"कोंपाद्रे, मी नाही गेले तर गाणं कोण म्हणणार? तो ओनोफ्रे? त्याचा आवाज ऐकून आहे तेवढा ढगही पळून जायचा."

"जा तुम्ही. पाटावर कुणीतरी राहायलाच पाहिजे. मी आहे."

"माझ्या घेवड्याला दारं तेवढं धरा. फुलोऱ्यात आलाय. आज भिजला तर तरला."

"धरतो म्हटलं ना."

बाराला त्यानं तिची फळी उचलली. पाणी कसलं, पायाच्या घोट्याएवढं. पण जमीन इतकी तापलेली की पाणी शिरताच सरीतून वास सुटला. अब्रान अनवाणी, विजार गुडघ्यापर्यंत वर ओढून, एकेक सरी मोडत, एकेक बांधत चालला होता. अर्धं रान भिजलं. मग तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि खाली बघितलं.

खाली त्याची मिरची. बारा दिवस पाणी नाही. पानं मार खाल्लेल्या कुत्र्याच्या कानांसारखी लोंबत होती. कासिमिरानं मार्चात घरातल्या डब्यांतून रोपं केली होती, चुलीजवळ ठेवून वाढवली होती. आणखी दोन दिवस, फार तर तीन.

त्यानं इकडं तिकडं बघितलं नाही. पुढं त्याला सगळ्यात जास्त तेच आठवायचं, की आपण चोरासारखं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. लिब्राडाच्या सरीचं तोंड त्यानं दोन फावडी मातीनं बंद केलं आणि पाणी खाली सोडलं.

अडीच तास. मिरचीच्या मुळाशी पाणी पोचलं तशी पानं हळूहळू वर आली. टेकडीपलीकडून मिरवणूक चालल्याचं ऐकू येत होतं. कासिमिरा प्रभूचं एकेक नाव घ्यायची आणि सगळं गाव म्हणायचं, "आमच्यावर दया कर." त्यात लिब्राडाचा आवाज वेगळा कळत होता. अब्रान पाण्यात उभा होता. चॅपेलची घंटा वाजली तेव्हा त्यानं पाणी परत वर वळवलं, पण तोवर पाटात काही राहिलं नव्हतं.

लिब्राडा आली ती धुळीनं भरलेली, पायात सणाचे बूट. तिनं रान बघितलं.

"खालच्या अंगाला पोचलंच नाही?"

"नदीनं दगा दिला, कोमाद्रे. तीनच्या सुमाराला एकदम बसलं पाणी."

 वाकून तिनं एक कोरडं ढेकूळ उचललं, हातात चुरलं, झटकलं.

"देवाची मर्जी. तुम्ही तरी काय करणार." मग घरात जाऊन तिनं फडक्यात बांधलेलं शेळीचं चीज आणलं. "घ्या. दिवसभर उन्हात उभे राहिलात माझ्यासाठी."

"नको हो."

"घ्या म्हणते ना. देल्फिनाला आवडतं."

त्यानं घेतलं. घरी येऊन ताटलीखाली झाकून ठेवलं. देल्फिनानं खाल्लं, कासिमिरानं खाल्लं. अब्रान म्हणाला, पोटात बरं नाही.

सान इसिद्रोनं पिकं बघितली असतील, पण पाऊस पडला नाही. दोनच दिवसांत नदी खरोखरच बसली. लिब्राडाची पुढची बारी आली तेव्हा पाटात नुसता ओला गाळ होता. तिच्या घेवड्याचं खालचं अर्धं रान फुलावरच करपलं. अब्रानची मिरची मात्र तग धरून राहिली. जाणारा येणारा म्हणायचा, "पाटकरी, तुझी माती चांगली बाबा, ओल धरून ठेवते." अब्रान "हूं" म्हणायचा.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी फादर लांबेर आले. हे मूळचे बेल्जियमचे, वीस वर्षं या डोंगरांत काढून उन्हानं लाल झालेले, त्यांच्या जीपगाडीला एकच दिवा. मिस्सेला, म्हणजे उपासनेला, सगळं गाव. कम्युनियनचा प्रसाद उपाशीपोटी आणि पाप कबूल करून घ्यायचा; त्याला रांग लागली तेव्हा अब्रान बाकावर बसून राहिला. कासिमिरा उठली, त्याच्या गुडघ्यावरून पाय टाकून पुढं गेली, परत आली. घरी आल्यावर चुलीत लाकूड सारताना म्हणाली, "सकाळी काही खाल्लं होतंस?"

"हो. सफरचंद खाल्लं, विसरून."

"सफरचंदं अजून हिरवी आहेत."

"हिरवंच खाल्लं."

देल्फिना फसकन हसली. आईनं तिच्याकडं बघितलं तशी गप्प झाली.

त्यानंतर अब्रान जपमाळेला घरात बसेनासा झाला. बाहेर काहीतरी ठोकत राहायचा. कधी बसलाच तर "आमच्यावर दया कर" आलं की त्याचे ओठ मिटायचे. जेवण कमी झालं. गळ्याची कातडी लोंबायला लागली. पाटावर पूर्वी कुणी पाच मिनिटं जास्त पाणी घेतलं तर तो सात पिढ्यांच्या शिव्या घालायचा, आता पाटात थोडं पाणी परत आल्यावर वरच्या रानातल्या ओनोफ्रेनं अर्धा तास दार उघडं ठेवलं तरी नुसतं म्हणाला, "टाक फळी आता." ओनोफ्रेलाच चुकल्यासारखं झालं. "काय रे, आजारी आहेस का?" त्यानं विचारलं. "शिव्या दे की दोन."

ऑगस्टच्या शेवटी कासिमिरानं नोव्हेना धरली. रोज दुपारी रानातलं आवरून ती चॅपेलमध्ये जायची. तिथं वेदीच्या डाव्या बाजूला दयेचा प्रभू, म्हणजे क्रूसावरचा लाकडी येशू, टांगलेला होता. पणजोबाच्या पिढीत कुणीतरी कुऱ्हाडीनं घडवलेला, गुडघे सोललेले, एक हात निखळला होता तो कातड्याच्या पट्टीनं बांधलेला. त्याच्यापुढं मेणबत्ती लावून ती नऊ दिवसांची प्रार्थना म्हणायला लागली.

वाटेत ओनोफ्रे भेटला. "कासिमिरा, पाऊस मागतेस ना? आमच्यासाठीपण दोन बादल्या माग."

"पाऊस नाही मागत."

"मग काय मागतेस बाई, या दुष्काळात?"

"माझ्या घरात काहीतरी अडलंय. काय ते मला माहीत नाही. प्रभूला माहीत आहे."

तिसऱ्या दिवशी लिब्राडा येऊन तिच्या शेजारी गुडघ्यावर बसली. काय मागतेस वगैरे काही विचारलं नाही. "तुझं जे असेल त्याच्यासाठी," म्हणाली, आणि गाणं उचललं. पुढं रोज यायची. कासिमिरानं घरी येऊन हे सांगितलं, आणि अब्रानच्या हातातलं भांडं खाली पडलं.

सातव्या दिवशी नवरा-बायको मिरचीत खुरपत होते. आभाळ स्वच्छ, हवा कोरडी, श्वास घेतला की नाक दुखावं अशी. मिरच्या बोटभर लांब झाल्या होत्या, काही टोकाला लाल व्हायला लागल्या होत्या. कासिमिरा सरीत बसूनच पुढं सरकत होती.

"काय पण मिरची आलीय," ती म्हणाली. "सगळ्या गावात आपलीच. मी प्रभूला रोज आभार मानते यासाठी."

"नको मानूस," अब्रान म्हणाला.

"का?"

त्यानं खुरपं मातीत खुपसलं. उभ्या-उभ्याच, तिच्याकडं न बघता, सांगून टाकलं. फार वेळ लागला नाही. एवढ्या दिवसांचं ओझं आणि सांगायला चार वाक्यं.

कासिमिराच्या हातात उपटलेलं गवत होतं. तिनं ते खाली ठेवलं. मग दोन्ही हातांनी चेहरा पुसला, चेहऱ्यावर माती लागली.

"तिचं पाणी," ती म्हणाली. "ती गात होती तेव्हा."

"हो."

"आणि तिनं दिलेलं चीज मी खाल्लं."

"हो."

"अरे, माझ्या शेजारी बसून ती तुझ्यासाठी प्रार्थना करतेय! गुडघे दुखतात तिचे. मला धरून उठावं लागतं तिला!" ती उठली आणि तिनं त्याच्या छातीवर मूठ मारली. जोरात नाही, पण मारली. तो हलला नाही. मग ती परत बसली, सरीच्या बांधावर, तोल गेल्यासारखी.

 टोळ उडत होते.

"हे माफ होण्यातलं नाही," अब्रान म्हणाला. "चोरी एक वेळ होईल माफ. पण ते सगळे तेव्हा त्याच्याकडं दया मागत चालले होते, आणि मी इथं... मी ऐकत होतो, कासिमिरा. ऐकत ऐकत केलं. आता मी कुठल्या तोंडानं मागू? माझ्या वाट्याची दया मी त्या दिवशीच वाहून जाऊ दिली."

कासिमिरानं मान वर केली. डोळे लाल होते, पण आवाज तिचा नेहमीचा होता, सगळ्या घराला कामाला लावणारा.

"तुझ्या वाट्याची? देवाला काय पाटकरी समजतोस तू? आज या घराची बारी, उद्या त्या घराची, तुझी टळली म्हणून फळी टाकून मोकळा? अकरा वर्षं पाणी मोजून मोजून डोक्यात तेच बसलंय तुझ्या. तिथं दार नाही, फळी नाही. आणि तुझ्यासारखा शेपटाला बसलेला माणूस त्याला वरच्यांच्या आधी दिसतो."

"तुला ते सोपं वाटतं."

"सोपं? मला तुझ्या तोंडाकडं बघवत नाहीये आत्ता." ती उठली, पदर झटकावा तसा तिनं एप्रन झटकला. "पण मी पन्नास वर्षं त्याच्यावर भरवसा ठेवलाय. तू एका दुपारी केलंस म्हणून तो काढून घेऊ का? रविवारी फादर येतात. जा आणि सांग त्यांना. आणि ऐक, दया फुकट आहे, पण पाणी तिचं होतं. तेही डोक्यात ठेव."

राहिलेले दोन दिवस ती चॅपेलला गेली. लिब्राडाच्या शेजारी बसली, तिच्याबरोबर गायली, उठताना तिला हात दिला. आपण सांगायचं नाही, ज्यानं केलं त्यानं सांगायचं, म्हणून ती दातावर दात दाबून राहिली.

रविवारी मिस्सेच्या आधी फादर लांबेर कबुली ऐकायला बसले. चॅपेलमध्ये कबुलीची कोठडी नव्हती. एका खुर्चीला कापड बांधलेलं, पलीकडं फादर, अलीकडं गुडघ्यावर माणूस. अब्राननं सगळं सांगितलं. कुणाचं पाणी ते सांगितलं नाही. फादरांचं स्पॅनिश अजूनही अडखळायचं, पण पाण्याबद्दलचं त्यांना सगळं कळत असे. वीस वर्षं ते इथल्या लोकांची पाण्याचीच पापं ऐकत आले होते.

"किती दिवस झाले?"

"सहा आठवडे."

"सहा आठवडे कशाला थांबलास?"

"मला वाटलं, याला माफी नसेल."

कापडापलीकडून खुर्ची करकरली. "तुझ्या एका शेताच्या पाण्यानं देवाची दया आटली असती, तर मी कशाला हाडं मोडत एवढ्या लांब येतो? तुला पश्चात्ताप आहे?"

"आहे, फादर."

"मग झालं. त्यानं केव्हाच हात पुढं केलाय, तूच खिशात हात घालून उभा आहेस." मग ते कापडाकडं झुकले. "त्या माणसाला जाऊन सांगायचं."

"सांगितल्यावर माफी का?"

"नाही. माफी आत्ता. सांगायचं ते त्या माणसासाठी. त्याचं नुकसान झालंय, आणि का झालं ते त्याला माहीत नाही. जे घेतलंस ते परत करायचं."

"पाणी कसं परत करू, फादर? ते गेलं."

"तू पाटकरी आहेस, मी नाही," फादर म्हणाले आणि लॅटिनमध्ये पापमुक्तीचे शब्द म्हणायला लागले. त्या दिवशी अब्रान कम्युनियनच्या रांगेत उभा राहिला.  बाकावर परत येऊन त्यानं तोंड टोपीत लपवलं, आणि मिस्सा संपेपर्यंत टोपी खाली घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लिब्राडाकडं गेला. ती घराच्या भिंती लिंपत होती. दरवर्षी हिवाळ्याआधी बायका लिंपतात, तशी. पिंपावर उभी राहून, डाव्या हातात चिखलाचा गोळा, उजव्या हातात मेंढीच्या कातड्याचा तुकडा, भिंतीवर गोल गोल फिरवत.

"या कोंपाद्रे. पायाखालचा चिखल सांभाळा."

त्यानं टोपी काढली. तिच्या पाठीला उद्देशून सांगितलं. तिचा हात दोनदा-तीनदा तसाच फिरला, मग थांबला. ती पिंपावरून उतरली. उतरताना त्यानं हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

"नदीनं दगा दिला म्हणालास," ती म्हणाली. अहो-जाहो गेलं होतं.

"खोटं बोललो."

"मी तुला चीज दिलं."

"हो."

"त्या आठवड्यात शेळी आटत आली होती. मी स्वतःला ठेवलं नाही. म्हटलं, माणूस दिवसभर उन्हात उभा राहिला." तिच्या हातातला चिखल बोटांतून खाली गळत होता. "अर्धं रान. हिवाळ्यात मी काय खाऊ, सांग? तुझा पश्चात्ताप शिजवून खाऊ?"

"माझी मिरची तुमच्या पाण्यावर वाढलीय. ती तुमची आहे. सगळी. तोडून, माळा करून आणून देऊ आम्ही."

"मला नको तुझी मिरची."

"कोमाद्रे..."

"कोमाद्रे म्हणू नकोस. देवानं माफ केलं असेल तर त्याचं तो जाणे, तो मोठा आहे. मी लिब्राडा आहे. जा इथून."

तो गेला. लिब्राडाचा आवाज वाटेवर ओनोफ्रेच्या बायकोनं ऐकला होता, आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळलं.

मिरची लाल झाली. सप्टेंबरच्या शेवटी तिघंही रानात उतरले. देल्फिनाला सगळं सांगितलं होतं. ती आधी रडली, मग बापाशी चार दिवस बोलली नाही, मग म्हणाली, "पण आपण काय खायचं?"

"आपला मका आहे," कासिमिरा म्हणाली. "दोन मेंढ्या आहेत. बाकीचं तो बघेल."

"बाबा?"

"बाबा नाही गं. ज्याच्यावर रोज भरवसा टाकते म्हणून मी तोंडानं म्हणते, तो. आता खरोखर टाकून बघू."

पोती खांद्यावर घेऊन त्यांनी लिब्राडाच्या अंगणात नेली. तिनं दार आतून लावून घेतलं. कासिमिरानं अंगणात पोतं पसरलं, दोघी मायलेकी खाली बसल्या आणि मिरच्या ओवायला लागल्या. तीन-तीन मिरच्यांचे देठ सुतळीनं बांधायचे, मग तो झुबका लांब दोरीत गुंफायचा. अब्रान पोती टाकून परत जायचा. अंगणात थांबायची हिंमत त्याला झाली नाही. पहिला दिवस तसाच गेला. बोटं पेटली. देल्फिनानं चुकून डोळा चोळला आणि अंगणभर नाचली. खिडकीचा पडदा जरासा हलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं. लिब्राडा बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही काय गाठ आहे? भिंतीवर टांगली की तासाभरात खाली येईल. माझी धर्मलेक म्हणवतेस आणि मिरची ओवता येत नाही?"

"तुम्हीच कधी शिकवलं नाही," देल्फिना म्हणाली.

"तोंड मात्र शिकलंय. सरक तिकडं." ती हाशहुश करत खाली बसली. बराच वेळ तिघी ओवत राहिल्या. मग लिब्राडा कासिमिराला म्हणाली, "नोव्हेना यासाठीच होती?"

"मला माहीत नव्हतं गं. शपथ. सातव्या दिवशी कळलं."

"म्हणजे मी माझ्याच चोरासाठी गुडघे झिजवले."

"हो," कासिमिरा म्हणाली.

लिब्राडानं दोरी दातांत धरून गाठ आवळली. "मग लागली म्हणायची प्रार्थना," ती पुटपुटली. ती रागानं म्हणाली की आणखी कशानं, ते दोघींना कळलं नाही.

माळा बाजारात गेल्या. त्यांच्या बदल्यात लिब्राडाकडं घेवडा आणि पीठ आलं. अब्रानशी मात्र ती बोलली नाही. चॅपेलमध्ये त्याच्या अंगावरून जायची ती भिंतीवरून नजर जावी तशी.

नाताळाआधी पाटाची सभा भरली. शाळेच्या खोलीत शेकोटीभोवती माणसं. पाटकरी निवडायची वेळ आली तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "झालं ते झालं, राहू दे अब्रानलाच." अब्रान उभा राहिला. सगळ्यांना माहीत होतं तेच त्यानं पुन्हा स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि फावडं भिंतीला टेकवून म्हणाला, "दुसरा निवडा."

"पाटकऱ्यानंच पाट प्यायला!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला. अब्रानचे कान तापले, पण तो खाली बसला आणि जागचा उठला नाही. ओनोफ्रेला निवडलं. ओनोफ्रेनं तेव्हापासून छाती काढून चालायला सुरुवात केली.

त्या हिवाळ्यात बर्फ चांगलं पडलं. कासिमिराकडं मका पुरला, जेमतेम. मेंढ्यांतली एक कापावी लागली. मुलं सांता फेहून आली ती पिठाची गोणी घेऊन आली. त्यांना कुणी कळवलं, ते कासिमिरानं विचारलं नाही, नुसती मेणबत्ती लावून आली. अब्रान पुन्हा जपमाळेला बसायला लागला. आवाज मोठा नसायचा, पण असायचा.

मार्चाच्या शेवटी पाट साफ करायचा दिवस आला. प्रत्येक घराच्या हिश्शाला एक माणूस, प्रत्येकाला आखून दिलेला तुकडा. गाळ काढायचा, झुडपं तोडायची, काठ बांधायचे. ज्या घराला माणूस नाही त्यानं दुसरा कुणी लावायचा आणि त्याला दुपारचं जेवण घालायचं. ओनोफ्रे काठावर उभा राहून नावं पुकारत होता.

"लिब्राडाचा माणूस?"

कुणी पुढं आलं नाही. तिनं दोघा-तिघांना विचारलं होतं, पण बर्फ उशिरा वितळल्यामुळं प्रत्येकाला स्वतःचीच घाई होती.

"मी," अब्रान म्हणाला.

"आणि तुझ्या हिश्शाचा कोण?"

"तोही मीच. दोन्ही तुकडे काढतो."

ओनोफ्रेनं त्याच्याकडं बघितलं, मग पाटाकडं. थट्टा करायला तोंड उघडलं होतं, पण केली नाही. "वळणावरचे घे मग," म्हणाला. वळणावर गाळ सगळ्यात जास्त.

दुपारपर्यंत अब्रान कमरेइतका खाली गेला होता. गार चिखल, मुळं, दगड. गुडघा ठणकत होता. तळहाताचे फोड फुटून दांडा ओला झाला होता. घंटा झाली तशी माणसं काठावर चढली. बायका टोपल्या, भांडी घेऊन आल्या. ज्यानं त्यानं आपापली टोपली गाठली. अब्रान वर येऊन एका दगडावर बाजूला बसला, हातांचा चिखल पुसत. कासिमिरा टोपली घेऊन त्याच्याकडं निघाली होती, ती मध्येच थांबली.

लिब्राडा येत होती. डोक्याला काळा रुमाल, हातात फडक्यानं धरलेलं मातीचं भांडं, त्यातून वाफ निघत होती. ती माणसांच्या रांगेपुढं उभी राहिली आणि चॅपेलमधल्या त्या आवाजात म्हणाली, "माझा माणूस कुठाय?"

 ओनोफ्रेनं हनुवटीनं दाखवलं.

ती अब्रानपुढं येऊन उभी राहिली. त्याचा चिखल, त्याचे हात, सगळं तिनं नीट बघून घेतलं. मग खाली वाकून वळणापर्यंत काढलेला तुकडाही बघितला.

"काठ सरळ नाही आला."

"दुपारनंतर सरळ करतो."

"करा." तिनं वाडगा काढला, लाल मिरचीत शिजवलेला घेवडा काठोकाठ भरला, वर मक्याची रोटी ठेवली आणि त्याच्या हातात दिला. "गरम आहे, सावकाश खा."

त्यानं टोपी काढून क्रूसाची खूण केली आणि खायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरची तिखटच होती. ती गेली नाही, समोर उभी राहिली, पोटावर हात बांधून. त्यानं रोटीनं वाडगा पुसून काढला, बोटं चाटली. मग रिकामा वाडगा तिच्यापुढं केला.

"अजून?" लिब्राडा म्हणाली.

"अजून," अब्रान म्हणाला.

तिनं भांड्यात पळी घातली.